आबांच्या साखरेचे खांब

जिल्हा आवृत्तीच्या पानासाठी आलेख काढणे हे माझे काम आहे. नंदुरबारच्या कार्यालयात बसून मी पावसाचे, मिरचीच्या आवकेचे, निकालांचे आकडे घेतो आणि त्यांचे चित्र करतो. या कामाचे नियम थोडे आहेत. वेगवेगळ्या गोष्टींची तुलना असेल तर खांब. एकच गोष्ट काळाबरोबर कशी बदलली हे दाखवायचे तर रेषा. एका पूर्णाचे वाटे दाखवायचे तर वर्तुळ, तेही वाटे मोजके असतील तरच. आणि आकडे किती विखुरले आहेत हीच बातमी असेल तर ठिपके.

डेस्कवर नव्याने आलेल्या एका मुलीने तालुक्यांच्या पावसाचे आकडे रेषेने जोडले होते. मी तिला विचारले, "धडगावचा पाऊस वाहत वाहत नवापूरला जातो का? मग मध्ये रेघ कशाला?" ती हसली आणि तिने खांब काढले. जिल्ह्याची सरासरी काढू नकोस, हेही मी तिला सांगितले. घाटावरचा पाऊस आणि खालच्या सपाटीवरचा पाऊस एकत्र करून जो आकडा येतो, तेवढा पाऊस जिल्ह्यात कुठेच पडलेला नसतो.

म्हणजे मला हे माहीत होते.

माझे वडील, आबा, कोरीटला राहतात. माय त्यांच्याबरोबर असते. शेत अजून आबाच बघतात. पहाटे उठून काही न खाता शेताला चक्कर मारून यायची आणि मग चहा, हा त्यांचा शिरस्ता. त्यांना साखरेचा आजार निघाला तेव्हा नंदुरबारच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि सांगितले, सकाळी उपाशीपोटी आणि रात्री जेवणानंतर घरीच साखर तपासा, आकडे ठेवा. मी तपासणीचे मशीन घेऊन दिले. बोटाला टोचायचे काम मायने घेतले. ती मशीनच्या पडद्याचा फोटो काढून मला मोबाइलवर पाठवायची. सुरुवातीच्या फोटोंमध्ये निम्म्या ठिकाणी तिचा अंगठाच आला होता. मी फोन करून आमच्या अहिराणीत म्हणालो, "माय, आकडा दिखत नही." ती म्हणाली, "मंग अंगठा देखीसन समजी ले, मी जिती शे."

पुढे तिचा हात बसला. आकडे रोज येऊ लागले आणि मी ते कार्यालयातल्या संगणकावर भरू लागलो.

डॉक्टरांना दाखवायची वेळ आली तेव्हा मी पहिल्यांदा ठिपके काढले. प्रत्येक तपासणीचा एक ठिपका. सकाळचा निळा, रात्रीचा लाल. कागदावर मोहरी सांडल्यासारखे दिसत होते. वर, खाली, कुठेही. मला ते चित्र आवडले नाही. डॉक्टरांकडे गर्दी असते, त्यांना एका नजरेत कळले पाहिजे, असा विचार मी केला. वर्तमानपत्राचा वाचक चहाच्या टपरीवर उभ्याने वाचतो असे आम्ही धरून चालतो. मी डॉक्टरांनाही तसेच धरले. ठिपके पुसले, आठवड्याची सरासरी काढली आणि दर आठवड्याला एक खांब उभा केला. हिरवे, स्वच्छ, सारख्या रुंदीचे खांब.

डॉक्टर खूश झाले. "असे पेशंट आले तर माझं काम निम्मं होईल," ते म्हणाले. मला बरे वाटले. आबांना तर त्याहून जास्त. गावात ते सांगत सुटले, "मन्हा पोऱ्या पेपरमा बठ्ठा जिल्हाना नकाशा काढस. आते मन्हाबी काढी दिधा." एका शेजाऱ्याने विचारले, "नकाशामा गाव कोठे शे?" आबा म्हणाले, "गाव नही रे. साखर शे. कारखाना टाकाना इचार चाली ऱ्हायना."

मग श्रावण आला आणि घरात कानबाई, आमची खानदेशी देवी, बसली.

आमच्याकडे कानबाईचे रोट असतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ मूठ गहू मोजून घेतात, ते दळतात आणि त्या पिठाचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, होतात. सोबत पुरण, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. रोट भाऊबंदांपलीकडे जात नाहीत. शेजाऱ्याला देता येत नाहीत, टाकता तर येतच नाहीत. पौर्णिमेच्या आत घरातल्यांनीच ते पीठ संपवायचे असते. कुणी नोकरीसाठी बाहेर असला तरी त्याची मूठ मोजली जाते, आणि त्याने येऊन ती खावी अशी अपेक्षा असते. यंदाही माझी मूठ मोजली गेली होती.

मी रविवारी रात्री आरतीपुरता पोचलो. सोमवारी सकाळी विसर्जनाला नदीवर गेलो. परत आलो तेव्हा ताटे मांडली जात होती आणि कार्यालयातून फोन आला. पान लवकर द्यायचे होते. मी मोटारसायकलला किल्ली लावली. माय ओट्यावर येऊन म्हणाली, "दोन घास खाई जाय. तुन्हा रोट शेतस." मी म्हणालो, "उशीर व्हयना माय." आबा आतून म्हणाले, "जाऊ दे त्याले. पेपर थांबाव नही." मी निघालो.

त्यानंतरच्या तपासणीला मी आबांना डॉक्टरांकडे नेले. आलेख सोबत होता. शेवटचा खांब बाकीच्यांपेक्षा उंच होता. तो काढताना मला दिसला होता. एका आठवड्यात थोडे वाढले असेल, एवढेच मी स्वतःशी म्हणालो. डॉक्टरांनी त्या खांबावर पेन ठेवले.

"इथे काय झालं? खाण्यात काही बदल?"

मी आबांकडे पाहिले. आबांनी छताच्या पंख्याकडे पाहिले. "काही नही," ते म्हणाले. "रोजनंच."

"चढच दिसतोय," डॉक्टर म्हणाले. "गोळी थोडी वाढवू."

पुढे काही दिवसांनी सकाळी मायचा फोन आला. फोटोच्या वेळी फोन आला म्हणूनच मी दचकलो. "आबा बांधवर पडी ग्यात," ती म्हणाली. "घामेघूम व्हतात. नाव घेतलं तरी वळखेत नही." शेजारच्या शेतातल्या माणसांनी त्यांना उचलून आणले होते. कुणीतरी तोंडात गूळ घातला, कुणीतरी जीप काढली. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा सलाइन लागले होते आणि आबा डोळे उघडून नर्सला विचारत होते की मन्हा बूट कोठे शेतस. साखर फार खाली गेली होती. आणखी थोडा वेळ कुणी पाहिले नसते तर, असे डॉक्टर म्हणाले आणि वाक्य त्यांनी तिथेच सोडले.

मग ते मला बाहेर घेऊन आले. "मला कच्चे आकडे हवेत. सरासरी नको. रोजचे, वेळेसकट."

व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी मोबाइलवर ते ठिपके पुन्हा काढले. फारसा वेळ लागला नाही. सगळे आकडे होतेच. काढून टाकली होती ती फक्त त्यांची जागा. निळे ठिपके, म्हणजे सकाळचे, सुरुवातीपासून खालच्या अंगाला होते. गोळी वाढवण्याच्या आधीही होते. लाल ठिपके मधल्या पट्ट्यात होते, आणि एका आठवड्यात मात्र त्यातले काही एकदम वर उडाले होते. त्यानंतर ते पुन्हा आपल्या जागी आले होते. चढ असा कुठे नव्हताच. माझ्या उंच खांबात त्या मोजक्या रात्री आणि त्याच आठवड्यातल्या उपाशी सकाळी एकत्र कालवल्या होत्या. त्यातून जो आकडा निघाला, तेवढी साखर आबांच्या अंगात कोणत्याच वेळी नव्हती. गोळी त्या आकड्यासाठी वाढली होती.

माय बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. मी तिला तारखा दाखवल्या. "ह्या दिवसले रातले काय खादं त्यासनी?"

तिने तारखा पाहिल्याच नाहीत. "रोट व्हतात ना," ती म्हणाली. "पुरण व्हतं. आबांना वाटा व्हता, तुन्हा व्हता. तू जेवना नही. मंग तुन्हा वाटा कोन खाई? मले त्या दिवसात मळमळे. आबाच रोज रातले बसीसन खायेत. म्हने, पोऱ्यानी मूठ शे, उरी ऱ्हायनी ते बरं नही."

"डाक्टरले सांगं काबर नही?"

"डाक्टर रागवतस. आनि तुले वाईट वाटतं."

मी ठिपके डॉक्टरांना नेऊन दाखवले. त्यांनी मोबाइल हातात घेऊन बराच वेळ पाहिले. रोटांचे मी सांगितले. ते खानदेशातलेच आहेत, त्यांना समजावून सांगावे लागले नाही.

"हे आधी असं का नाही आणलंत?"

"काढलं होतं," मी म्हणालो. "किचकट दिसत होतं, म्हणून बदललं."

"मीही मागायला हवं होतं," ते म्हणाले आणि गोळी पहिल्यापेक्षाही कमी केली. त्यांच्या या वाक्याचा आधार घेऊन मला माझा हिशेब हलका करता आला असता. तो होत नाही. त्यांनी समोर ठेवलेले चित्र वाचले. चित्र मी निवडले होते, आणि खरे चित्र हातात असताना दुसरे निवडले होते, कारण दुसरे नीटनेटके होते. जेवण टाळून मी कार्यालयात गेलो, त्याचे परिणाम आबांच्या रक्तात उतरले. ते परिणाम मीच मोजले, मीच त्यांची सरासरी काढली आणि मीच त्यांच्यावर उपाय करून घेतला. यातला कोणताही टप्पा दुसऱ्या कुणाचा नव्हता.

आबा घरी आले. त्यांना अशक्तपणा होता, पण आवाज परत आला होता. त्या आठवड्यात मी रजा घेऊन कोरीटला गेलो. नवा आलेख छापून नेला होता, ठिपक्यांचा. आबांनी तो लांब धरून पाहिला, मग जवळ धरून पाहिला.

"हाई काय? माशा बसेल शेतस का?"

"साखर शे. निळी सकायनी, लाल रातनी."

"पहिला चांगला व्हता." त्यांनी वरच्या लाल ठिपक्यांवर बोट ठेवले. "ह्या काबर वर ग्यात?"

"रोट."

त्यांनी बोट काढून घेतले. स्वयंपाकघराकडे नजर टाकली, माय ऐकते आहे का म्हणून. मग हळू आवाजात म्हणाले, "एक काम कर. पुढला साल रोटना दिवसमा मशीन लावूच नका. नही ते डाक्टर परत गोई मोठी करी दी."

म्हणजे ते यापुढे लपवणार होते. पडण्याचा अर्थ त्यांनी असा लावला होता की साखर मोजली म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवली, आणि न मोजली तर वाढणार नाही. मी गप्प राहिलो असतो तर ते तसेच चालले असते. पुढच्या वेळी बांधावर कुणी असेलच असे नाही.

"आबा, डाक्टरनी नही," मी म्हणालो. "मी करी मोठी."

"तू काय डाक्टर शे?"

मी सांगितले. ठिपके आधी काढले होते, ते पुसले, खांब काढले. खांबात सकाळ दिसत नव्हती. डॉक्टरांना फक्त उंची दिसली. अहिराणीत सरासरीला शब्द मला सापडेना. शेवटी म्हणालो, एका पायावर तापेल पाणी, दुसऱ्यावर गार, आणि मी सांगितले की बठ्ठं कोमट शे. मशीन चुकले नव्हते. मशीन रोज लावा, रोटाच्या दिवशीसुद्धा लावा. मी जे येईल ते जसेच्या तसे नेईन.

आबा रागावतील असे वाटले होते, आणि रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली.

"आनि तू जेवना नही म्हनीसन मी खादं, हाईबी डाक्टरले सांगी दिधं?"

"सांगी दिधं."

"ते सांगाले नको व्हतं," ते म्हणाले. मग स्वयंपाकघराच्या दिशेने आवाज दिला, "याले ताट दे वं."

मायने ताट आणले. पौर्णिमा होऊन गेली होती, रोट संपले होते. ताटात भाकरी होती आणि डाळ. आबा समोर बसून राहिले, मी जेवेपर्यंत.