बॅटरीवरचा लाल ठिपका

ओनेलिया फोन्सेका पाव विकत घेतला की तो आधी तळहातावर तोलून पाहायची. बायामो शहरातल्या दुकानदारांना याचे नवल वाटत नसे. तिची उमेदीची सारी वर्षे सरकारी निरीक्षक म्हणून वजनमापे तपासण्यात गेली होती. तराजूच्या तळाला चिकटवलेले मेण, आतून पोखरलेली वजने, पारड्याला हळूच लागणारा अंगठा, असे कितीतरी प्रकार तिने रंगेहाथ पकडले होते. पुढे नोकरी सुटली, पण नजर काही सुटली नाही. शेजारीण साखर उसनी घेऊन गेली, तर परत आलेली वाटी ओनेलिया उजेडात धरून बघत असे.

आता ती मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाच्या चित्रफिती जोडून देत असे. झगे बदलत, घोडागाडीत बसून, कारंज्यापाशी हसत मुलगी दिवसभर मिरवायची, आणि त्या साऱ्याचा गाण्यांसह चित्रपट करायचे काम ओनेलियाच्या लॅपटॉपवर व्हायचे. वीज दिवसातून कितीदा जाईल याचा नेम नसल्यामुळे तिचा सारा भरवसा बॅटरीवर होता. म्हणूनच यंत्र तापू लागले, चित्रपट जोडता जोडता मधेच डोळे मिटू लागले, तेव्हा तिने ते दुरुस्तीला एव्हेलिओकडे नेले.

एव्हेलिओ तिचा कोंपाद्रे. तिच्या मुलीला, यानिसेलला, बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून त्याने हातांवर धरले होते आणि त्या दिवसापासून तो तिला कोमाद्रे म्हणत आला होता. हे नाते तिथे सख्ख्या भावाहून कमी मानत नाहीत. नवरा घर सोडून गेला त्या वर्षी छपराचे पत्रे एव्हेलिओनेच बसवून दिले होते. यंत्र दुसरे मिळाले असते. दुसरा कोंपाद्रे मिळाला नसता. हे ओनेलियाला नीट ठाऊक होते.

एव्हेलिओने पंखा साफ केला, उष्णता ओढून घेणारी सुकलेली पेस्ट खरवडून नवी लावली आणि पंख्याने केव्हा फिरायचे, बॅटरीने किती द्यायचे हे ठरवणारे आतले फर्मवेअरही नवे लिहिले. दोन दिवस यंत्र थंड राहिले. मग वीज गेली. पडद्यावर बॅटरी सत्तर टक्के दाखवत होती. ओनेलिया पाणी पिऊन येते तो नऊ, आणि बघता बघता अंधार. यंत्राचे पोट इतके तापले होते की मांडीवरून ते खाली ठेवावे लागले.

तिने स्क्रूड्रायव्हर घेतला, खालचे झाकण उघडले आणि बॅटरीचा कोपरा शोधला. दुरुस्तीला यंत्र टाकण्याआधी आतल्या भागांवर नखांना लावायच्या रंगाचा ठिपका द्यायचा, ही तिथली रीत. चांगला भाग काढून जुना बसवणारे कारागीर कमी नव्हते. ओनेलियानेही कोपऱ्यावर लाल ठिपका दिला होता.

कोपरा स्वच्छ होता.

दुपारच्या उन्हात लॅपटॉप उराशी धरून ती एव्हेलिओच्या ओसरीवर पोचली. तो एका फोनवर वाकला होता. ज्याचा फोन, तो गाडीवान ओट्यावर पाय सोडून बसला होता. त्याचा घोडा समोर बदामाच्या सावलीत उभा होता.

“ये कोमाद्रे. तोंड का उतरलंय?”

“माझी बॅटरी कुठंय?”

एव्हेलिओने भिंग खाली ठेवले. “तुझ्या हातातल्या यंत्रात.”

“ही माझी नाही. माझ्या बॅटरीवर ठिपका होता.”

गाडीवानाने शीळ घातली. “बाई, चोर आहेस का असं कारागिरालाच विचारून तो हो म्हणेल होय?”

“तू तुझ्या घोड्याकडं बघ,” ओनेलिया म्हणाली.

एव्हेलिओने झाकण उघडून कोपऱ्यावर बोट फिरवले. “इथं का? इथं जुन्या पट्टीचा गोंद चिकटून बसला होता. मी अ‍ॅसिटोननं पुसला. अल्कोहोल कुठं मिळतंय हल्ली? गोंदाबरोबर रंगही गेला असेल. माझ्या ध्यानातही आलं नाही.”

उत्तर सरळ होते. ओनेलियाला तेच खटकले. ज्यांची वजने खोटी निघत, त्यांच्यापाशीही असे सरळ उत्तर तयार असायचे. तिने एव्हेलिओच्या बोटांकडे पाहिले, त्याच्यामागच्या फळीवर रचलेल्या जुन्या बॅटऱ्यांकडे पाहिले, आणि त्यातली तिची कोणती असेल याचा अंदाज घेऊ लागली.

त्याने पडद्यावर बॅटरीचा क्रमांक काढून दाखवला. “कंपनीनं आत घातलेला असतो हा.”

“आत घातलेलं बदलता येतं. तूच सांगितलं होतंस मला.”

“हो, येतं,” तो म्हणाला. “बरं, यंत्राचं बोलणं तुला नको, माझंही नको. मग असं करू. माझा संशय बॅटरीवर नाही, मी लिहिलेल्या नव्या फर्मवेअरवर आहे. वीज गेली की ते पंख्याला उठवत नसावं. यंत्र तापतं, तापलं की बॅटरीचा हिशेब चुकतो, आणि ती स्वतःला वाचवायला बंद पडते. तुझ्या जुन्या फर्मवेअरची प्रत मी काढून ठेवली आहे. परत तेच घालतो.”

“आत्ता? आणि मधेच वीज गेली तर?”

लिहिता लिहिता वीज गेली आणि बॅटरीनेही दगा दिला, तर लॅपटॉपचा दगड होतो, हे त्या शहरात सगळ्यांना माहीत होते. म्हणून कारागीर हे काम वीज नुकतीच आली की करत. आज ती सकाळपासून होती. म्हणजे केव्हाही जाऊ शकत होती.

“गेली तर तुझी बॅटरी सांभाळील,” एव्हेलिओ म्हणाला. “मी कचरा बसवला असता, तर या वेळी हात लावला असता का?”

ओनेलियाने थोडा विचार केला. “लाव हात,” ती म्हणाली आणि स्टूल ओढून अगदी त्याच्या कोपराशी बसली.

पडद्यावर पांढरी पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली. ती निम्म्यावर आली असेल, तोच डोक्यावरचा पंखा रेंगाळला आणि थांबला. गल्लीभर घराघरांतून एकच ओरड उठली. गाडीवान पाय वर घेऊन बसला. एव्हेलिओने हात टेबलावरून काढून मांडीवर ठेवले. ओनेलिया पडद्याकडे पाहत नव्हती. ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. कपाळावर घाम होता, पण खोट्या वजनाचा मालक निरीक्षकाच्या हाताकडे जसा चोरून पाहतो, तसा तो पाहत नव्हता. तोही पट्टीकडेच डोळे लावून बसला होता.

पट्टी शेवटाला पोचली. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला, आणि आतला पंखा घुमू लागला.

तेवढ्याने ओनेलियाचे समाधान कुठले? तिने सगळ्यात जड चित्रपट जोडायला लावला आणि तळव्याने यंत्राचे पोट पुनःपुन्हा चाचपत राहिली. सावल्या रस्त्याच्या पलीकडे गेल्या तरी लॅपटॉप चालू होता. बदलून बसवलेली जुनी बॅटरी एवढा वेळ टिकली नसती.

“बदललीच असेल, तर चांगली बसवली म्हणायची!” गाडीवान म्हणाला. दुरुस्त फोन खिशात घालून, हसत तो घोड्याकडे गेला.

एव्हेलिओ हसला नाही. एकेक स्क्रू बसवत, मान वर न करता त्याने विचारले, “ठिपका कधी दिला होतास?”

“इकडे आणायच्या आदल्या दिवशी.”

“म्हणजे यंत्र माझ्या हातात यायच्याही आधी. मी काही करायच्या आधी.”

ठिपके अनोळखी कारागिरासाठी असतात. कोंपाद्रेकडे यंत्र टाकताना कोणी ठिपका देत नाही, आणि दिलाच तर तसे सांगत नाही. आजच्या आरोपाचे काही नव्हते. माणूस रागात बोलतो. पण ओनेलिया रंगाची बाटली उघडून, वाऱ्यावर ठिपका सुकू देऊन, शांतपणे त्याच्या घरी आली होती. त्या दिवशी त्याने तिला केळ्याचे काप वाढले होते आणि तिने ते खाल्ले होते.

“तुझी तपासायची सवय सुटेल असं वाटलं नव्हतं मला,” तो म्हणाला. “पण मीही त्यात असेन, असं नव्हतं वाटलं.”

“मी आईच्या भाजीच्या गाड्यावरचा तराजूसुद्धा तपासला होता,” ओनेलिया म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. “नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात. सगळ्या बाजारासमोर.”

“आणि?”

“बरोबर होता. आई महिनाभर बोलली नाही माझ्याशी.”

एव्हेलिओने शेवटचा स्क्रू घट्ट केला, लॅपटॉप तिच्याकडे सरकवला आणि उठून आत गेला. ओनेलियाला वाटले, झाले, आता बाहेर यायचा नाही. तिने यंत्र काखेत घेतले. पण पाय निघेनात. आत त्याच्या बायकोचा, दानियाचा, आवाज आला. काहीतरी विचारले गेले, काहीतरी तोडून उत्तर मिळाले. मग तो रेशनच्या, भाजलेले वाटाणे दळून मिसळलेल्या कॉफीचे दोन लहान कप घेऊन बाहेर आला आणि एक तिच्यासमोर ठेवला.

तिने कप उचलला आणि सवयीने, पिण्याआधी, नाकाशी नेला.

एव्हेलिओ तिच्याकडे पाहत होता.

“निम्मे वाटाणे आहेत,” तो म्हणाला. “निम्मी कॉफी मी चोरली. पी आता.”

ओनेलियाने कप तोंडाला लावला. वाटाणे निम्म्याहून बरेच जास्त होते. तिने ते बोलून दाखवले नाही.