‘माहीत नाही’ म्हणणाऱ्या मॅडम

प्रा. शैलजा गायधनी मॅडमची आणि माझी पहिली भेट नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, तोंडी परीक्षेत झाली. त्यांच्या एका प्रश्नाला मी बराच वेळ गोल गोल उत्तर देत राहिलो. त्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “येत नसेल तर येत नाही म्हणा. मी पुढचा विचारते.” पुढे मी त्यांच्याच प्रयोगशाळेत कामाला लागलो आणि तिथेच रमलो.

मॅडमचे काम घरच्यांना समजावताना माझी आजही धांदल उडते. कांदा साठवायच्या चाळीत उष्णता मोजणारा सेन्सर एका कंपनीचा, दमटपणा मोजणारा दुसरीचा, पंखे चालवणारे यंत्र तिसरीचे; एकाचे बोलणे दुसऱ्याला कळत नाही. या सगळ्यांच्या मधे बसून प्रत्येकाचे ऐकणारे आणि दुसऱ्याला कळेल असे सांगणारे सॉफ्टवेअर म्हणजे मिडलवेअर. ते कुणाला दिसत नाही. मॅडमनी उमेदीची वर्षे त्यालाच दिली.

मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लिहितो आहे असे त्यांना कळवले, तेव्हा त्यांनी एकच अट घातली: चांदवडची हकिगत वगळायची नाही.

चांदवडजवळच्या कौसल्याबाई निकम यांच्या चाळीत आमचे सॉफ्टवेअर पहिल्यांदा बसले. त्यांचा वर्षाचा सगळा कांदा त्या चाळीत होता. पूर्वी त्या रोज कांद्यात हात घालून बघत. फोनवर आकडा दिसू लागला, तसे जाणे कमी झाले. सेन्सरकडून निरोप आला नाही, तर त्याचा आधीचा आकडाच पुढे पाठवायचा, अशी आमच्याकडे तेव्हा रीत होती. पडदा रिकामा दिसू नये, एवढाच हेतू. भाद्रपदात दमटपणाच्या सेन्सरची वायर उंदरांनी कुरतडली. फोनवर जुना, चांगला आकडा दिसत राहिला, पंखे बंदच राहिले आणि वासावरून कळेपर्यंत निम्मा कांदा सडला होता.

आम्ही सगळे उंदरांना आणि सेन्सरच्या कंपनीला बोल लावत होतो. मॅडम मात्र एसटीने चांदवडला निघाल्या. मीही बरोबर गेलो. चाळीच्या दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, “कौसल्याबाई, सेन्सर गप्प झाला होता. तो बोलतोय असं आम्ही तुम्हाला भासवलं. चूक माझी आहे.”

कौसल्याबाई खाली मान घालून कांदा निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, “एवढं येऊन कोणी सांगत नाय, मॅडम. पण पुढच्या साली मी इस्वास कशावर ठेवू?”

त्या प्रश्नासाठी मॅडमनी सगळी मांडणी उसवून पुन्हा केली. सेन्सर गप्प झाला की फोनवर आकड्याऐवजी ‘माहीत नाही, जाऊन बघा’ अशी अक्षरे येऊ लागली. सिन्नरच्या एका कारखान्याला ते सॉफ्टवेअर हवे होते, पण ही अक्षरे काढून. पाहुण्यांसमोर बरे दिसत नाही म्हणे. मॅडमनी नम्रपणे नकार दिला. हातचे काम गेले आणि आम्ही तोंडे पाडून बसलो. पुढच्या हंगामात कौसल्याबाईंनी चाळ पुन्हा आमच्या हवाली केली, तेव्हा कुठे आमचे चेहरे खुलले.

माझे वडील रुग्णालयात होते, तेव्हा कुणीही विचारले की मी “ठीक आहेत” म्हणत असे. मॅडमनी एकदा हळूच विचारले, “हे आजचं उत्तर आहे, की परवाचं?” मला रडू फुटले. त्यानंतर वडील घरी येईपर्यंत त्या रोज संध्याकाळी पंचवटीतल्या आपल्या घरून डबा घेऊन येत आणि आईजवळ बसत. ते उपकार मी कधीही विसरणार नाही.

यंदा, साठी पूर्ण होत असताना, मॅडमवर मोठी शस्त्रक्रिया झाली. फोन करणाऱ्या प्रत्येकाला त्या “मी अगदी ठणठणीत” एवढेच सांगत आणि आम्ही निर्धास्त होत असू. कौसल्याबाईंचा मला फोन आला. “लय दिवस झाले, तेच सांगत्यात. मी जाऊन बघते,” म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने पंचवटीत हजर झाल्या. त्यांना दारात पाहून मॅडम पहिल्यांदा म्हणाल्या, “बरं वाटत नाही हो, कौसल्याबाई.”

मॅडम, आता आपली प्रकृती सुधारते आहे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आपल्याला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. पुढची पुष्कळ वर्षे आम्ही “कशा आहात?” असे विचारत राहू, त्या त्या दिवसाचे खरे उत्तर आपण देत राहा. नाही दिलेत, तर आम्ही सगळे येऊन बघू.