चौदा भाकरींची दौड

पिठाचा डबा कितीही झटका, कोपऱ्यात थोडं उरतंच. दसऱ्याच्या दौडीचे किस्से माझ्यापाशी तसे साठलेत. एक सांगून उठावं म्हणते, तर दुसरा पदर धरतो. आणि बसून सांगायचं म्हटलं तर माझे पाय अजून एका जागी राहत नाहीत.

आमचं गाव चौसाळ्याच्या अलीकडचं, राज्य निजामाचं. दसऱ्याला गडी वेशीतून सुटायचे, सडकेनं माळावरच्या आपट्यापर्यंत पळायचे आणि पानं तोडून परत यायचे. गावात घड्याळ नव्हतं. वेळ मोजायची भाकरीवर! गडी सुटले की वेशीतल्या चुलीवर तवा चढायचा. गडी परत येईतो जेवढ्या भाकरी उतरतील, तेवढा त्याचा आकडा. मागच्या सालापेक्षा एक भाकर कमी झाली, तर गडी वर्षभर मिशीला पीळ देत हिंडायचा.

आधी ज्याच्या त्याच्या घरचा तवा असायचा. एका साली ज्ञानबा भाकरी सातच झाल्या म्हणून नाचायला लागला. पाटलांनी त्याच्या रखमाची टोपली उघडली. एकेक भाकर उशीएवढी!

पाटील म्हणाले, "रखमे, ह्या भाकरीवर बैल निजंल की गं."

तेव्हापासून सगळ्यांना मिळून एकच तवा झाला, आणि तव्यामागं मी. माझी पहिली भाकर आणि शेवटची भाकर एका मापाची निघायची. हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही. मिरवलं तरी बिघडत नाही म्हणा.

माझ्या तव्यावर ज्ञानबाचा आकडा चौदा आला. तेवढा कमी कुणाचाच नव्हता. पण त्याला तेराचा ध्यास लागला. एका दसऱ्याला तो असा सुटला, की नाक्यावरच्या शिपायाला वाटलं चोर पळाला. शिपायानं दंड धरला. "ठैर! कायकू भागता?"

ज्ञानबा म्हणाला, "धरा, पण पळत धरा. तिकडं भाकरी चालल्यात."

शिपायानं दंड सोडला नाही आणि ज्ञानबानं पळणं सोडलं नाही. दोघं तसेच आपट्याला जाऊन वेशीत आले. ज्ञानबाच्या पंधरा झाल्या. शिपायाला दुसरा नंबर म्हणून नारळ मिळाला. पुढच्या सालचा दसरा यायच्या आधीच तो विचारून गेला, औंदा दौड किती वाजता हाय म्हणून. ज्या गावात घड्याळ नाही तिथं!

महादप्पा वाण्याची तऱ्हा न्यारी. पोट पुढं, आपण मागं. त्याला कुणाला हरवायचं नव्हतं. दर साली तो पोचायच्या आत माझ्या परातीतलं पीठ संपायचं, आणि त्याला आकडाच मिळायचा नाही. एका साली छाती ठोकून म्हणाला, औंदा पीठ संपायच्या आत येतो. आणि आला! गावानं त्याला खांद्यावर घ्यायचा विचार केला, वजन बघून सोडून दिला. मी मात्र परातीत बघत होते. अर्धी भरलेली.

त्या साली पीठ महादप्पाच्याच दुकानातून आलं होतं.

असे सगळ्यांचे आकडे मी मोजले. माझा आकडा कोण मोजणार? तव्यामागं बसून माझे पाय आतल्या आत पळायचे.

घरी मी एक खोड लावून घेतली. सकाळची पहिली भाकर तव्यावर टाकायची, कासोटा खोचायचा आणि परसातून सुटायचं. भाकर करपायच्या आत परत यायचं. आधी लिंबापर्यंत, मग विहिरीपर्यंत, मग ओढ्याच्या बाभळीपर्यंत. जरा लांबचा पल्ला धरला की भाकर काळी. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या ती करपलेली भाकर पुढ्यात ओढायच्या आणि मुकाट्यानं खायच्या. कावून करपली, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

मग एक दसरा आला. गडी पळून आले. ज्ञानबाच्या पुन्हा चौदाच झाल्या, म्हणून तो धुळीत तोंड पाडून बसला होता. मी पिठाचे हात पुसले आणि उठले.

पाटील म्हणाले, "सूनबाई, कुठं?"

म्हटलं, "आपट्याला. माझा आकडा काढायचाय."

गडी हसले. बायांनी पदर तोंडाला लावले. पाटलांनी समजुतीनं सांगितलं, तव्यावर बसणारी बाईच पळायला लागली तर भाकरी कोण भाजणार, अन् मोजणार कोण?

मागून आत्याबाई पुढं आल्या आणि तव्यासमोर फतकल मारून बसल्या.

"मी हाय की. जा गं."

मी कशी पळाले ते मला सांगता येणार नाही. सडक तापलेली होती, कासोटा घट्ट होता, आणि आपट्याची फांदी हाताशी कधी आली ते कळलं नाही. परत आले तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती. वेशीत कुणी हसत नव्हतं.

मी विचारलं, "किती?"

आत्याबाईंनी तव्यावरची भाकर काढली आणि माझ्या हातावर ठेवली. टोपली रिकामी होती, चुलीतली लाकडं बाहेर ओढलेली.

पाटील वाकून बघायला लागले. "एकच? म्हातारे, ज्ञानबाला चौदा लागल्या!"

"त्याच्या चौदा हिनं भाजल्या," आत्याबाई म्हणाल्या. "हिची मी भाजली."

मी भाकर उलटून पाहिली. कुठंही करपली नव्हती.