गाडीच्या टपाचं अस्तर

लुंग इन्थाच्या गाडीतून उतरलं की आधी डोकं झटकावं लागायचं. त्या वर्षी मी पदर जितक्या वेळा डोक्यावरून घेतला, तितक्या वेळा सासरी नवी नवरी असतानाही घेतला नसेल. गाडीच्या टपाला आतून जे कापड असतं ना, त्याच्या मागचा स्पंज कुजला होता. त्याचा हळदीच्या रंगाचा भुगा सारखा खाली गळायचा. केसांत, मानेवर, भाजीच्या पिशवीत. वर ते कापडही सुटलेलं, बाळंतिणीच्या खोलीतल्या झोळीसारखं लोंबणारं. चालवणाऱ्याच्या डोक्याला ते टेकायचं आणि मागचं काही दिसायचं नाही.

लुंग म्हणजे काका. आमच्या लाम्पांगच्या गल्लीत इन्थाला लहानथोर सगळे लुंगच म्हणतात. त्याची बायको खामनोई, ती सगळ्यांची पा, म्हणजे मावशी. मी त्यांच्या समोरच्या घरात राहते. माझे यजमान इथल्या चिनीमातीच्या कारखान्यात भट्टीवर होते. ते गेले, मी इथेच राहिले. इन्था त्याच कारखान्याच्या मालकाची गाडी चालवायचा, त्यामुळे त्याची ओळख फार जुनी.

उभा जन्म त्याने दुसऱ्याची गाडी चालवली. मालकाचा नियम होता की ड्रायव्हरने आपल्या घरचं माणूस गाडीत बसवायचं नाही. खामनोईचा बाजारात ठेच्याचा गाळा. हिरव्या मिरच्या, लसूण, बारके कांदे निखाऱ्यावर भाजून कुटायचे आणि चिकट भाताबरोबर विकायचे. सकाळी ती भांडी सायकलला बांधून पुलाच्या चढावर पायी ढकलत न्यायची, आणि त्याच वेळी इन्था मालकाला आणायला रिकामी गाडी घेऊन तिच्या बाजूने जायचा. हॉर्नसुद्धा वाजवायचा नाही. वाजवून सांगणार काय?

म्हणून नोकरी सुटल्यावर त्याने ही जुनी निळी गाडी घेतली. पुढच्या डाव्या सीटवर खामनोईला बसवायचं आणि बाजारात न्यायचं, एवढाच त्यामागचा हेतू. हे त्याने मला स्वतः सांगितलं. तिला सांगितलं असेल असं वाटत नाही.

गाडी घेतली ती घेतली, पण गॅरेज म्हणजे ज्याला हात नाहीत त्याची जागा, हे त्याचं ठाम मत. सगळं आंब्याखाली स्वतःच करायचा. जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून काहीबाही आणायचा, तासायचा, ठोकायचा, बसवायचा. त्याची कामं टिकायची, पण बघवायची नाहीत. काच वर राहावी म्हणून बांबूची पाचर. खामनोईच्या बाजूचं दार आतून उघडतच नसे, त्यामुळे हा उतरून, वळसा घालून ते उघडून द्यायचा आणि गल्ली म्हणायची, "बघा, राणीसरकार उतरल्या!" खामनोई रविवारी जन्मलेली. इकडे रविवारच्या माणसाला निळा वर्ज्य. तर रंग काढण्याऐवजी याने मागच्या काचेवर पट्टी चिकटवली, 'ही गाडी हिरवी आहे.' इकडे असं चालतं. लिंबू-मिरची बांधणाऱ्या गावातून आलेली मी काय बोलणार?

अस्तराचं मात्र नुसत्या पाचरीने भागेना, कारण त्यावर खुणा होत्या. गाडी घेतली तेव्हा विहारातल्या जुन्या लुआंग पोंनी, म्हणजे थोरल्या महंतांनी, ती मंतरून दिली होती. चालवणाऱ्याच्या बरोबर डोक्यावर, अस्तरावर, सुगंधी पांढऱ्या मातीच्या गंधाने त्यांनी बोटाने ठिपके आणि अक्षरं काढली. त्यानंतर पहिल्याच थंडीत ते गेले. खामनोई रोज गाडीत बसली की आधी त्या खुणांना हात जोडायची, मग पट्टा लावायची.

इन्थाने खुणांना धक्का न लावता जे जे करता येईल ते करून पाहिलं. खामनोईच्या केसांच्या पिना झाल्या. मग टाचण्या. त्या वाटेत गळून सीटवर पडायच्या, आणि कुठे टोचायच्या ते मी लिहीत नाही. मग बांबूच्या कामट्या वाकवून बैलगाडीच्या छपरासारख्या आतून बसवल्या. गतिरोधक आला, एक कामटी सुटली आणि सरळ माझ्या कपाळावर.

"लागलं का, पी सू?" त्याने विचारलं. पी म्हणजे थोरली बहीण, आणि सू मी.

"नाही. औक्षण केलं तुझ्या गाडीने."

"म्हणजे कामटीत जोर आहे," तो खूश होऊन म्हणाला.

मी कपाळ चोळत बसले.

एक दिवस बाजारात नेहमीच्या गिऱ्हाइकाने ठेचा चाखून विचारलं, "पा, आज हळद घातलीस वाटतं?" खामनोईचा चेहरा उतरला. तिने ते भांडंच्या भांडं गटारात ओतलं. परतताना इन्था हळूच म्हणाला, "म्हातारे, आता तरी अस्तर काढू दे."

"तू ते कापड काढलंस, तर मी पुन्हा तुझ्या गाडीत बसणार नाही."

"भुगा विकशील, पण—"

"भुगा धुता येतो. लुआंग पोंचं बोट परत आणशील का?"

ती बोलली म्हणजे बोलली. हे गल्लीला माहीत होतं आणि इन्थाला सर्वांत जास्त.

तरी त्याने केलंच. खामनोई बहिणीकडे फ्रे गावाला गेली, बहिणीच्या सासऱ्याचं अंत्यकर्म होतं. तिची बस सुटली आणि हा आंब्याखाली सुरू. दिवे काढले, हाताने धरायच्या कड्या काढल्या, दारांची रबरं सोडली, टपाचा पुठ्ठा अलगद उतरवून मागच्या दाराने बाहेर आणला. जुना स्पंज ब्रशने घासून घासून पुठ्ठा कोरा केला. आजवरच्या त्याच्या कुठल्याही कामात ही सबुरी मी पाहिली नव्हती. नाहीतर, 'होतंय की, लाव' असा कारभार. या वेळी उन्हाला टिकणारं चिकटवायचं सोल्यूशन शोधून आणलं. पेठेतल्या दुकानात राखाडी कापडाचा शेवटचा तुकडा उरला होता, तो आणला. मधून कडेला, मधून कडेला, तळव्याने दाबत नेलं. खुणांचा चौकोन त्याने जुन्या कापडातून नीट कापून ठेवला होताच. तो नव्या कापडावर चिकटवला आणि पुठ्ठा परत चढवला.

"बस," मला म्हणाला. "वर बघ."

खरंच सांगते, एक सुरकुती नव्हती. मांडवातल्या ताणलेल्या छतासारखं. गल्ली बघायला आली. आमच्या भागात वडाप, म्हणजे शेअरची प्रवासी गाडी, चालवणारा सवाट तोंडात बोट घालून म्हणाला, "लुंग, हे तू केलंस? का रात्री भुतं आली होती?" इन्था नुसता पुन्हा पुन्हा दार उघडून आत बघत होता. एवढं सुबक काम त्याच्या हातून जन्मात पहिल्यांदा झालं होतं.

मी विचारलं, "आणि खामनोई?"

"खुणा आहेत की. टाकल्यात कुठे? उलट नीट लावल्यात."

खामनोई आली, पिशवी खाली ठेवली, वाकून आत पाहिलं. मी माझ्या ओट्यावरून बघत होते. तिने अस्तरावरून हात फिरवला.

"तू केलंस?"

"मग काय शेजाऱ्याने?"

ती हसण्याच्या बेतात होती. तेवढ्यात तिने खुणा पाहिल्या. चौकोन चालवणाऱ्याच्या डोक्यावर नव्हता. डाव्या सीटच्या वर होता, तिच्या डोक्यावर.

"हे इथे का?"

"तू इथे बसतेस म्हणून."

"लुआंग पोंनी कुठे काढल्या होत्या?"

"माझ्या डोक्यावर. मला कशाला हव्यात? मी आयुष्यभर गाड्याच चालवल्यात, एक ओरखडा नाही. तुला असू देत."

"म्हाताऱ्या, मी रोज हात कोणासाठी जोडते? माझ्यासाठी? तुला डाव्या डोळ्याने धड दिसत नाही, मान वळत नाही, म्हणून त्या तुझ्या डोक्यावर होत्या!"

"मला सगळं दिसतं!"

"मग हे कसं नाही दिसलं? परत लाव."

इन्थाने चौकोनाच्या कडेला नख लावून पाहिलं. जुनं कापड विरलेलं होतं, ओढलं तर गंध झडून गेलं असतं. खुणा हलवायच्या तर खालच्या नव्या कापडासकट कापायला हव्या होत्या. म्हणजे त्या गुळगुळीत अस्तराला भोक. आणि तसलं कापड दुकानात उरलं नव्हतं.

"नाही कापणार," तो म्हणाला.

"मग मी नाही बसणार."

दुसऱ्या दिवसापासून खामनोई सवाटच्या वडापने जाऊ लागली. आणि इन्था? तो त्या वडापच्या मागोमाग गाडी घेऊन जायचा. तिची भांडी बाजारात उतरवायला कोणीतरी नको का, असं त्याचं म्हणणं. पुढे वडाप, त्यात खचाखच माणसं आणि खामनोई, मागे ही निळी गाडी, पुढची डावी सीट मोकळी, मागे मी. वडापच्या मागच्या फळीवर उभी राहिलेली पोरं ओरडायची, "लुंग, वरात कुठे निघाली?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. पण भाजी तर आणायची होती.

मी दोघांनाही समजावून पाहिलं. खामनोईला म्हटलं, "आमच्याकडे नव्या गाडीवर कुंकवाचं स्वस्तिक काढतात. पहिल्या धुण्यात जातं. कोणी जपून ठेवत नाही."

ती दचकली. "जातं? मग?"

"मग काही नाही. रोज हात जोडायचे."

"पी सू, तुमचा देव सोशिक आहे," ती म्हणाली आणि मिरच्या कुटायला लागली. इन्थाला समजवायला गेले तर म्हणाला, "तू सुरकुती दाखव एक. दाखव ना!" विषय काय, माणूस बोलतो काय. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मी या दोघांनाच सुबुद्धी मागायची, माझं मागणं राहूनच जायचं.

मग एके दिवशी वडापमध्ये कोणीतरी खामनोईच्या मिरच्यांच्या टोपलीवर बसलं. ती चालत्या वडापमधून ओरडत उतरली, तरातरा आमच्याकडे आली. इन्था लगबगीने उतरून डाव्या बाजूला धावला. पण तिने मागचं दार उघडलं आणि माझ्या शेजारी बसली.

"पुढे ये ना," तो दार धरून म्हणाला.

"मागे खुणा नाहीत, भांडण नाही. चल."

तो बसला. आरसा हलवून त्याने मागे पाहिलं. खामनोई खिडकीबाहेर बघत होती. बाजाराच्या तोंडाशी फुलवाली ओरडली, "अगंबाई, खामनोई मालकीण झाली! ड्रायव्हर चांगला ठेवलाय!" बाया फिदीफिदी हसल्या. खामनोईसुद्धा हसली. इन्था नाही हसला.

भाजी घेऊन मी त्याच्याबरोबर परत आले. आंब्याखाली गाडी थांबवली तरी तो उतरेना.

"पी सू," तो आरशात बघत म्हणाला, "मालक बसायचा तिथे बसली गं ती."

तो आत गेला आणि कात्री घेऊन आला.

खामनोई बाजारातून आली तेव्हा भर उन्हात पुठ्ठा जमिनीवर उताणा पडलेला, आणि इन्था गुडघे टेकून त्या राखाडी कापडाला कात्री लावत होता. सवाट वडाप उभं करून बघत होता. "लुंग, वेड लागलं का? एवढं चांगलं काम!"

"काय करतोयस?" खामनोईने विचारलं.

"तुझं ऐकतोय."

"मग हळू ऐक, फाटेल!" तिने डोक्यावरची टोपली माझ्या हातात कोंबली आणि ती समोर गुडघ्यांवर बसली. चौकोन सुटा झाला, तो तिने दोन्ही तळव्यांवर घेतला. मग इन्थाने उरलेलं अस्तर एका झटक्यात टरकन ओढून काढलं. ओढताना त्याने डोळे मिटले होते, हे मी पाहिलं.

नवं कापड मिळालं ते चौकटीचं, पातळ, बाजारातलं. आता बाईसाहेब मदतीला. "तिकडून ओढ," हा म्हणे. "ओढतेच आहे." "एवढं नाही!" "मग केवढं? माप दे!" सोल्यूशन तिच्या कोपराला, माझ्या पदराला, सवाटच्या चपलेला. एका चौकटीची रेघ उत्तरेला गेली, एकीची दक्षिणेला. पुठ्ठा वर चढवला तर अस्तर असं दिसत होतं की लग्नघरची पोरं रात्रभर त्यावर लोळून उठली असावीत. चालवणाऱ्याच्या बरोबर डोक्यावर, लुआंग पोंचा चौकोन तेवढा सरळ.

सकाळी खामनोई पुढे बसली. त्या खुणांना हात जोडले, पट्टा लावला, मग मान वर करून सबंध टप न्याहाळला.

"आता तुझ्या हातचं दिसतंय," ती म्हणाली.

"ती तुझ्या बाजूची सुरकुती आहे. तू ओढलं नाहीस."

"माझी? तुझ्या कानाशी बघ केवढी आहे!"

"ती पुठ्ठ्यातच होती."

बाजार येईपर्यंत कोणती सुरकुती कोणाची हेच चाललं होतं, आणि मी मागे मिरच्यांची टोपली मांडीवर धरून बसले होते.