फ्लेक्समधलं भोक

हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा, कारण मागे हा किस्सा सांगताना एकाच्या नाकातून चहा आला होता. आणि हसून झालं की माझ्याकडं बघून मान हलवू नका. मला सगळं माहीत आहे. चूक माझी, ब्लेड माझं आणि तोंडही माझंच.

आमचा निलेश तुम्हाला ठाऊक नसेल. केंदूरचा, माझा शाळेपासूनचा दोस्त. पुण्यात एका मोठ्या हॉटेलात सहा वर्षं ग्लास हलवून परत आला आणि म्हणाला, "संद्या, शिरूरला बार टाकतोय." म्हटलं, त्यात काय नवीन? हायवेला दर दोन दुकानांनंतर आहेच की! तर म्हणे, तसला नाही, क्राफ्ट कॉकटेल बार. म्हणजे उसाच्या रसात काहीतरी, लिंबात काहीतरी, वरून धूर सोडायचा आणि मुठीएवढा एकच बर्फाचा खडा टाकायचा.

"पोट भरून प्यायचं न्हाई रे, चाखायचं असतं," तो म्हणाला.

मला काय कळणार? मी सोडा प्यायलो तरी मला चक्कर येते. खरं सांगतो, आयुष्यात थेंब घेतलेला नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता आपल्याकडं कुणी दुकान काढो, गाय घेवो की नुसता वाढदिवस असो, फ्लेक्स लागतोच. निलेशनं ग्रुपवर लिहिलं, शुभेच्छुकांनी फोटो पाठवा. झालं! माझ्या अंगात आलं. आधीच्या तीन फ्लेक्सवर माझा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा होता आणि त्यातही एकदा माझ्या डोक्यावर खिळा ठोकलेला. या वेळी मी निलेशला दिवसातून चार फोन केले. फोटो मोठा पाहिजे. गॉगलवाला पाहिजे. खाली नाव ठळक पाहिजे. शेवटी तो वैतागून म्हणाला, "बार माझा हाय का तुझा?"

फ्लेक्स लागला. शिक्रापूरच्या चौकात, पाबळकडं वळायच्या अगदी तोंडाशी. निलेशएवढाच मी. गॉगल, हाताची घडी आणि खाली 'मा. संदीपभाऊ, केंदूर'. शेजारी धूर निघणारा भलामोठा ग्लास, तो नेमका माझ्या हनुवटीखाली! कुणालाही वाटावं, धूर माझ्याच तोंडातून निघतोय. कंपनीत जाता-येता मी तिथं मुद्दाम गाडी हळू करायचो.

आणि उद्घाटनाच्या दिवशीच सकाळी नऊला मामांचा फोन.

"संदीप, पाव्हणं निघालं दौंडवरनं. घर बघायला येत्यात."

"आज? रविवारी ठरलं होतं ना?"

"आप्पांना आजच सवड हाय. आन् हे बघ, आप्पा माळकरी हायती. जमीन, पगार काय बी इचारलं न्हाई त्यांनी. एकच अट, पोरगा निर्व्यसनी पायजे. आकरापतुर शिक्रापूरवरनं येत्याल."

शिक्रापूरवरनं! पाबळच्या वळणावरनं! माझ्या हनुवटीखालच्या धुरावरनं!

मंडळी, पोरगी मला मनापासून आवडली होती. अश्विनी. दौंडला पाहण्याच्या कार्यक्रमात तिनं मला एकच प्रश्न विचारला होता, "तुम्ही सारखा पाय का हलवताय?" तेहतीस वर्षांत मला इतकं कुणी ओळखलं नव्हतं. आई म्हणतेच, तुझ्या पायाला भिंगरी आणि डोक्याला सुट्टी. पाच नकार पचवून सहावं स्थळ जमत आलेलं आणि ते एका ग्लासापायी जाणार?

दुसरा कुणी असता तर आप्पांना सरळ सांगितलं असतं. पण सरळ सांगायला जागेवर बसावं लागतं, आणि ते मला जमत नाही. कंपनीतलं कटर घेतलं, गाडीला किक मारली आणि दहा वाजता चौकात हजर.

अख्खा फ्लेक्स काढावा म्हटलं, तर त्यावर सोसायटीचे चेअरमन. त्यांना हात लावला तर गावात राहणं मुश्कील. म्हणून ठरवलं, फक्त आपलं तोंड काढायचं. आपलं तोंड, आपण कापलं, कुणाच्या बापाचं काय गेलं? वडापावच्या गाडीवरून स्टूल मागितलं, तोंडाला रुमाल बांधला आणि चढलो.

खाली ट्रॅफिकमध्ये अडकलेला एक ट्रकवाला मजेत बघत होता. "भैया, किससे दुश्मनी है?"

"खुद से!" मी ओरडलो.

कानापासून कानापर्यंत गोल कापलं. नावही काढणार होतो, पण मागच्या डंपरनं असा हॉर्न दिला की मी स्टुलासकट खाली. तोंड चार घड्या करून खिशात कोंबलं आणि घर गाठलं.

अकराला पाहुणे आले. आप्पा, त्यांचे धाकटे भाऊ आणि आमचे मामा. आप्पांची पांढरी टोपी, गळ्यात माळ, बोलणं मोजकं. आईनं पोहे दिले. मी दोन्ही हातांनी गुडघे दाबून बसलो होतो.

"काय त्रास हाय का पायाला?" आप्पांनी विचारलं.

"नाही, नाही! निर्व्यसनी आहे मी!"

आप्पांनी भावाकडं बघितलं. तेवढ्यात खिशात फोन थरथरायला लागला. एकदा, दोनदा, थांबेचना. टेबलाखाली हळूच बघितलं. ग्रुपवर त्या भोकाचा फोटो आणि खाली लिहिलेलं, 'संदीपभाऊंचा फ्लेक्स फाडला! जाहीर निषेध!'

आता आपल्याकडं फ्लेक्स फाडणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. एकवेळ माणसाला फाडलं तर चालतं! पोरांचा संशय लगेच बंटीवर. सरपंचाच्या निवडणुकीत तो समोरच्या पॅनेलला होता, एवढा पुरावा पुरे झाला.

मी घाईघाईनं टाइप केलं, 'जाऊ द्या.'

उत्तर आलं, 'बघा भाऊंचं मन किती मोठं!'

मी लिहिलं, 'शांत राहा.'

'भाऊ म्हणतायत शांत राहा. म्हणजे समजून घ्या. सगळे भाऊंच्या घरी जमा!'

अहो, मी काय लिहायला पाहिजे होतं सांगा ना!

दहा मिनिटांत अंगणात बारा मोटारसायकली. "संदीपभाऊंचा अपमान, नहीं सहेंगे!" आईच्या हातातली पोह्यांची डिश कलंडली. सगळ्यांच्या पुढं निलेश, डोक्याला हेल्मेट, डोळे लाल. दारातूनच सुरू झाला, "संद्या, तू निस्ता व्हय म्हण! त्या बंटीला आत्ता उचलतो! माझ्या बारचा फ्लेक्स फाडतो? तुझं तोंड कापतो?"

बार! शब्द घरात पडला. मामांनी डोळे मिटले.

"कसला बार?" आई म्हणाली.

निलेशनं कुणाकडं न बघता सगळं सांगून टाकलं. बार, धूर, गॉगल आणि मी मोठ्या फोटोसाठी केलेले फोनसुद्धा. पोरं गाड्या वळवायला लागली. आता गप्प बसलो तर बंटी बिचारा फुकट मार खाणार. तो तर त्या दिवशी नारायणगावला टोमॅटो घेऊन गेलेला! आणि बोललो तर अश्विनी जाणार.

मी उठलो. खिशातून माझं तोंड काढलं आणि टीपॉयवर पसरलं. गॉगलवर बरोबर मधून घडी पडली होती.

"बंटीनं नाही," मी म्हणालो. "मीच कापलं."

अंगणात बारा गाड्या एकापाठोपाठ बंद झाल्याचं ऐकू आलं.

"का पण?" निलेशला काही कळेना.

"आप्पांना दिसू नये म्हणून. बारच्या फ्लेक्सवर जावई बघून ते परत फिरले असते."

"मेल्या!" आई एवढंच म्हणाली.

आप्पांनी ते तोंड उचललं, नीट बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मग निलेशला म्हणाले, "निलेशशेठ, सकाळी लिंबं उतरवून घेतली का? ह्या खेपंला साल पातळ हाय, रस निघंल."

निलेशनं हेल्मेट काढलं. "आप्पा! तुमी इथं?"

मी मामांकडं बघितलं. मामा पुटपुटले, "फळबाग हाय एवढंच म्हाईत व्हतं मला."

"लिंबं आमचीच जात्यात ह्यांच्याकडं," आप्पा म्हणाले. "मी पीत न्हाई. पण आपलं लिंबू कुणाच्या गिलासात पिळलं, ते झाडाला इचारून काय उपेग? संध्याकाळी मला बी आवतान हाय उद्घाटनाचं."

मला हायसं वाटलं. चांगला श्वास घेतला. पण आप्पांचं संपलं नव्हतं.

"येताना त्या चौकात गाडी थांबीवली व्हती आमी. खाली नाव तुमचं आन् वर भोक. आमच्या भावाला म्हनलं, ज्या पोराचं भर चौकात तोंड कापत्यात, त्याचं गावात वैर किती आसंल? पोरगी द्यावी का न्हाई, हाच इचार हितवर करत आलो. फोटू आसता ना, तर काय बी म्हनलो नसतो."

ऐकलंत? जे लपवायला गेलो त्यानं काहीच बिघडणार नव्हतं. बिघडणार होतं ते माझ्या कटरनं!

आप्पा हसले तेव्हा कुठं मामा हसले. आईनं दुसऱ्यांदा पोहे केले, बारा जास्तीच्या तोंडांसाठी.

नवीन फ्लेक्स छापायला वेळ नव्हता. म्हणून निलेशनं तोच भोकाचा उचलून बारच्या दाराशी लावला. संध्याकाळी उद्घाटनाला आलेला प्रत्येक जण आधी मागं जाऊन भोकात डोकं घालायचा आणि मग फोटो काढायचा. चेअरमनसाहेबांनी काढला. नारायणगावहून परतलेल्या बंटीनं तर दोनदा काढला. मी आत कोपऱ्यात लिंबूसरबत पीत बसलो होतो, तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर. उघडलं तर आप्पांनी उद्घाटनासाठी दौंडवरून बोलावून घेतलेली अश्विनी भोकातून हसतेय आणि खाली ठळक अक्षरात 'मा. संदीपभाऊ, केंदूर'. सोबत एक ओळ, 'जागा रिकामी होती, भरली.'

पाय हलायचा थांबला माझा, शपथ!

पुढच्या महिन्यात लग्नाचा फ्लेक्स करायचा ठरला. अश्विनीचा फोटो गेला, आप्पांचा गेला, मामांचाही गेला. मी मोठ्या हौसेनं माझा बिनगॉगलचा पाठवला. फ्लेक्सवाल्याचा लगेच फोन आला.

"भाऊ, फोटो लावू का तुमी येऊन कापणार हाय? न्हाईतर आधीच भोक ठेवतो!"