पिवळ्या निशाणाची चौकशी

बस स्टँडच्या चौकशी खिडकीमागे ज्याने सगळी नोकरी काढली, त्याला गल्लीने चौकशीकाका म्हणावं यात नवल ते काय! काकांचा एक गुण होता, किंवा खोड म्हणा हवं तर. "माहीत नाही" हे शब्द त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडले नव्हते. गाडी कुठे अडकलीय याचा पत्ता नसला तरी ते बिनदिक्कत "येतेच आहे" म्हणायचे आणि माणसं निश्चिंत होऊन बाकावर बसायची. काकूंनी या खोडीपुढे केव्हाच हात टेकले होते.

समोरच्या माडीवर नवे भाडेकरू आले आणि काही दिवसांतच त्यांच्या गॅलरीत काठीला बांधलेलं पिवळं निशाण फडकू लागलं. कडेला लाल पट्टी. असलं निशाण कुणी पाहिलं नव्हतं, तेव्हा गल्ली काकांच्या दारात आली.

"काका, कशाचं हो ते?"

काकांनी चष्मा पुसला. काही केल्या ओळख पटेना. पण चार माणसं तोंडाकडे बघत असताना गप्प कसं राहायचं?

"कारखान्याच्या युनियनचं," त्यांनी दिलं ठोकून. "गेटापाशी त्यांचं ऑफिस नाही का, तिथेही पिवळंच आहे. आता बघा, इथे मोर्चे येतात की नाही!"

झालं. बातमी घरमालकाच्या कानावर गेली, तो तणतणत जिना चढला आणि निशाण उतरलं. काठी सोडताना त्या घरची सून काकांना खिडकीतून दिसली. तिने कापड झटकलं, जपून घडी घातली आणि छातीशी धरून आत नेलं. काकांच्या काळजात चर्र झालं. जाऊन विचारावं असं वाटलं. पण आता विचारणं म्हणजे आधी माहीत नव्हतं हे कबूल करणं आलं. त्यांनी पेपरात तोंड खुपसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोपऱ्यावर एका अनोळखी म्हाताऱ्याने त्यांना अडवलं. "अहो, ते पिवळं निशाण कुठे आहे हो?"

"युनियनचं ना? सरळ जा, बाजार ओलांडा, कारखान्याच्या गेटासमोर."

म्हातारा हात जोडून चालू लागला.

दिवेलागणीला समोरची सून अनवाणीच गल्लीभर धावत होती. "काका, माझे सासरे दिसले का कुठे? त्यांना काही आठवत नाही हो, घरसुद्धा. सासूबाईंनी देवाघरी जाण्याआधी शिवलेला दाराचा पडदा तेवढा ओळखतात. लांबून दिसावा म्हणून तो बाहेर लावला होता. पिवळा."

निशाण म्हणजे साधी खूणही असते, हे आमच्या शहाण्याला सुचलंच नव्हतं! काकांनी पायात चपला सरकवल्या.

"मीच पाठवलं त्यांना," ते म्हणाले. "आणि तुमचा पडदा उतरला तोही माझ्यामुळेच. मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं, पोरी."

 रागवायलाही तिला फुरसत नव्हती. दोघं रिक्षात बसली.

युनियनच्या ऑफिसला कुलूप होतं. वर पिवळं निशाण आणि खाली पायरीवर म्हातारा, दाराकडे तोंड करून बसलेला. काकांना पाहून त्याचा चेहरा खुलला.

"यांनी अगदी बरोबर पत्ता सांगितला बरं का," तो सुनेला म्हणाला. मग काकांकडे वळला. "घर सापडलं. फक्त ही केव्हापासून दार उघडत नाहीये. तुम्ही जरा हाक मारून बघता का तिला?"

काकांना त्याच्या तोंडाकडे बघवेना.