लुनेबरोबर वळणारा माणूस

रंकाळ्याच्या कट्ट्याजवळ रोज संध्याकाळी एक म्हातारा गळ्यात कॅमेरा अडकवून उभा असायचा. रस्त्यावरून एखादी लुना मोपेड आली की कॅमेरा डोळ्याला लावायचा, तिच्याबरोबर कमरेतून सावकाश वळायचा. बटण दाबल्यावरही वळणं थांबवायचा नाही.

एकदा मी विचारलं, “एवढे फोटो कुणाला देता?”

“कॅमेऱ्यात रोलच न्हाय की पावणं. सराव करतोय.”

“कशाचा?”

“बायकू लुना शिकली, तवा एकच फोटो काढलेला. मी आपला खांबागत उभा. मागची झाडं लख्ख आली, ती पुसट. तिच्यासंगं वळायला पायजे हुतं.”

“मग आता काढा की नीट,” मी बोलून गेलो.

त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. रस्ता रिकामा होता, तरी तो सावकाश वळत गेला.